पार्श्वसंगीताच्या विस्तारित आवृत्त्या: मूळ तबकडी घरात असताना पुन्हा पैसे घालावेत का?

शहापूरचा श्रोता

मंडळी, नमस्कार. माझ्या थोरल्या मामांचा तबकड्यांचा संग्रह अलीकडेच माझ्याकडे आला. मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. त्यामुळे धारवाड आणि हुबळीच्या दुकानांचे शिक्के असलेल्या कन्नड, मराठी आणि हिंदी तबकड्यांच्या शेजारी परदेशी बंदरांतून आणलेल्या इंग्रजी चित्रपटांच्या पार्श्वसंगीताच्या तबकड्याही त्यात बऱ्याच आहेत. त्यांतील 'जॉज' या १९७५ च्या चित्रपटाची, जॉन विल्यम्स यांच्या संगीताची एल.पी., म्हणजे मोठी तबकडी, मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. ती जेमतेम पस्तीस मिनिटांत संपते.

आता तिचीच दोन डिस्कची विस्तारित आवृत्ती मिळते असे कळले. परंतु अमेरिकेहून मागवायची म्हटले की डिस्कची किंमत, टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून रक्कम इतकी फुगते की तेवढ्यात घरातला किराणा भरता येईल, आणि सौभाग्यवतींनी हा हिशेब माझ्या आधीच करून ठेवला आहे. ती आवृत्ती असलेल्या एका मित्राने मला फोनवरून एक तुकडा ऐकवला. माझ्या तबकडीवरील त्याच प्रसंगाच्या संगीताशी तो जुळत नाही. लय वेगळी आहे आणि शेवटही वेगळा आहे. नव्या आवृत्तीत कोणी मूळ संगीताशी ढवळाढवळ केली आहे का? आणि आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांच्या अशा आवृत्त्या का निघत नाहीत, हेही जाणकारांनी सांगावे.

टिळकवाडीचा टर्नटेबल

आपल्याला तो तुकडा वेगळा वाटला, कारण तो खरोखरच वेगळा आहे. ढवळाढवळ मात्र कोणी केलेली नाही. १९७५ ची एल.पी. म्हणजे पडद्यामागे वाजणारे संगीत नव्हेच. विल्यम्स यांनी तबकडीसाठी वाद्यवृंद घेऊन वेगळे ध्वनिमुद्रण केले आणि ते करताना काही तुकडे एकमेकांना जोडले, काही लांबवले, काहींना स्वतंत्र शेवट दिला. चित्रपटात प्रत्यक्ष वापरलेले ध्वनिमुद्रण २००० साली डेका कंपनीच्या डिस्कवर आले. पुढे २०१५ साली इंट्राडा या कॅलिफोर्नियातील कंपनीने दोन डिस्कच्या संचात चित्रपटातील संगीत आणि १९७५ ची एल.पी. अशी दोन्ही ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी दिली. आपल्या हातात आज जे आहे आणि आपण जे घेऊ पाहता आहात, त्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, एवढे ध्यानात घेतले की किमतीचा प्रश्न निराळ्या रीतीने मांडता येतो.

तबकड्या इतक्या आखूड का असत, याची दोन कारणे आहेत. एल.पी.च्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपेक्षा अधिक भरले की खाचा दाटीने बसतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि खर्ज पातळ होतो, हे त्यांतले उघड कारण. दुसरे कारण पैशाचे आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. अमेरिकेत वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे चित्रपटासाठी वाजवलेले संगीत तबकडीवर आणायचे झाल्यास वादकांना त्याचे वेगळे मानधन द्यावे लागे, आणि जितकी मिनिटे अधिक तितका हा बोजा वाढत जाई. म्हणूनच सी.डी.वर ७४ मिनिटांची जागा असूनही १९८० आणि १९९० च्या दशकांतील कितीतरी डिस्क अर्ध्या तासातच आटोपतात. त्या काळी आम्ही त्याला कंपनीचा कंजूषपणा म्हणत असू. पुढे मर्यादित प्रतींच्या जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी वाट मोकळी झाली आणि १,०००, ३,००० किंवा ५,००० प्रतींच्या आवृत्त्या काढणाऱ्या कंपन्यांचे दिवस आले: इंट्राडा, ला-ला लँड, व्हारेज साराबांद, स्पेनमधील क्वार्टेट. 'फिल्म स्कोअर मंथली' या नियतकालिकाने तर स्वतःच्या नावाने अशी २५० शीर्षके प्रसिद्ध केली.

आता खरेदीच्या वेळी पाहण्याची गोष्ट. बहुतेक जण मिनिटे मोजतात; पाहायला हवी ती मूळ फीत. वाद्यवृंदाच्या सत्रात भरलेल्या बहुपदरी फिती, म्हणजे ज्यांत वाद्यगट वेगवेगळ्या पट्ट्यांवर सुटे भरलेले असतात, हाती लागल्या असतील तर निर्मात्याला प्रत्येक वाद्यगटाचा तोल नव्याने साधता येतो. केवळ पाव इंची दोनपदरी फीत मिळाली असेल तर त्या वेळी झालेला तोल स्वीकारावा लागतो. यांपैकी काहीच उरले नसेल तर ३५ मि.मी. चुंबकीय फिल्मवरील एकपदरी संगीतावर भागवावे लागते, आणि त्यालाही आंबट वास सुटलेला असतो, कारण ॲसिटेटची फिल्म कुजताना ॲसिटिक आम्ल बाहेर टाकते. सत्तरीच्या मध्यापासून पुढे बनलेल्या काही फितींवरील चिकटद्रव्य हवेतील ओलावा शोषून बुळबुळीत होते. अशी फीत थेट यंत्रावर चढवली तर लेप खरवडला जातो, म्हणून ती आधी सुमारे पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेत काही तास ठेवतात आणि मग लगेच तिची नक्कल करून घेतात. चांगल्या संचाच्या पुस्तिकेत ही सगळी हकिगत लिहिलेली असते. ज्या पुस्तिकेत नट-नट्यांची छायाचित्रेच भरपूर आणि फितीविषयी एक ओळ नाही, त्या संचाविषयी मी सावध राहतो.

त्याच पुस्तिकेत '१ एम १', '४ एम २' असे सांकेतिक क्रमांक दिसतील. पहिला आकडा चित्रपटाच्या रिळाचा, 'एम' संगीताचा, आणि शेवटचा त्या रिळातील तुकड्याचा क्रम. या क्रमांकांच्या आधारे कोणता तुकडा गाळला, कोणता दुसऱ्या ठिकाणी नेला, कोणता दुसऱ्यांदा लिहिला हे कळते, आणि संग्राहकाचा खरा आनंद तिथे आहे. १९७९ च्या 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर' साठी जेरी गोल्डस्मिथ यांनी यानाच्या पहिल्या दर्शनाचे संगीत आधी एका तऱ्हेने लिहिले होते. त्यात ठसठशीत अशी मुख्य धून नाही म्हणून दिग्दर्शक रॉबर्ट वाईज यांनी ते नाकारले. त्यानंतर गोल्डस्मिथ यांनी जी धून रचली ती आज चित्रपट न पाहिलेल्यांनाही ओळखू येते. नाकारलेली ती पहिली रचना ला-ला लँडच्या २०१२ च्या तीन डिस्कच्या संचात आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावीत: तेच यान, तोच प्रसंग, तोच रचनाकार, आणि तरीही पहिल्या खेपेस सुंदर स्वरपट असूनही मनात काहीच रेंगाळत नाही. दिग्दर्शकाचा एक आक्षेप किती मोलाचा ठरू शकतो, हे समजण्यासाठी मी तेवढ्याकरितादेखील पैसे देईन.

निपाणीचा नंदू

टर्नटेबलरावांचे विवेचन नेहमीप्रमाणे अभ्यासपूर्ण आहे. तथापि त्यांच्या उत्साहाला थोडा लगाम घालावासा वाटतो. विस्तारित संच विकत घेणे वेगळे आणि तो पुन्हा पुन्हा ऐकणे वेगळे. चित्रपटातील पार्श्वसंगीत हे संवादाला जागा देण्यासाठी थांबत, दबकत, चाळीस सेकंदांत संपत जाणारे असते. दार उघडले, कोणी वळून पाहिले, गाडी निघाली, अशा क्षणांसाठी लिहिलेले पंचवीस तुकडे लागोपाठ ऐकताना मला चित्रपटाचे कामकाज ऐकल्यासारखे वाटते. रचनाकाराने स्वतः निवडून, जोडून, चढउतार साधून केलेली पस्तीस मिनिटांची तबकडी ही मैफलीसारखी बांधलेली असते. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्या मंडळींना मैफल कुठे थांबवावी याचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको.

शिवाय 'अधिकृत' म्हणजे 'चित्रपटातले' असेही नेहमी नसते. व्हँगेलिस यांच्या संगीताचा 'ब्लेड रनर' १९८२ चा. त्या वेळी बाजारात आली ती दुसऱ्याच वाद्यवृंदाने वाजवलेली तबकडी, आणि व्हँगेलिस यांचे स्वतःचे ध्वनिमुद्रण मिळण्यास १९९४ साल उजाडले. त्यातही चित्रपटातील संवाद मिसळलेले आहेत आणि चित्रपटात नसलेल्या रचनाही आहेत. तरी मी ती डिस्क बदलून घेणार नाही.

श्रोतेसाहेबांना माझा सल्ला असा की मामांची एल.पी. जपावी. नवा संच घ्यायचाच असेल तर मूळ तबकडीचा क्रम ज्यात अबाधित ठेवला आहे तोच घ्यावा.

शहापूरचा श्रोता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मूळ तबकडीचा क्रम आणि चित्रपटातील संगीत एकाच संचात आहे, हे वाचून माझे निम्मे ओझे उतरले. उरलेल्या प्रश्नाकडे मात्र कोणी वळले नाही. मामांच्या संग्रहात 'शोले'च्या संवादांची तबकडी आहे, जी एके काळी आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात गाण्यांपेक्षा अधिक वाजे. संवाद विकले गेले, गाणी विकली गेली, मग त्याच चित्रपटांचे पार्श्वसंगीत संपूर्ण स्वरूपात काढावे असे कोणाला का वाटले नाही?

खानापूर रोड

या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, ते गोड मानून घ्यावे.

आपल्याकडे तबकडी ही आरंभापासून गाण्याची होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आर.पी.एम.) दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मजकूर मावे. त्यामुळे पडद्यावर असलेले एखादे कडवे किंवा सुरुवातीचा शेर तबकडीवर गाळला जाई, आणि कित्येकदा तबकडीसाठीचे गाणे व चित्रपटासाठीचे गाणे यांचे ध्वनिमुद्रणच वेगवेगळे होई. म्हणजे 'जॉज'च्या बाबतीत श्रोतेसाहेबांना जे नवल वाटले ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातले होते. चित्रपटगृहातून बाहेर पडताना ओठांवर असलेले कडवे तबकडीवर सापडत नसे, आणि आकाशवाणी धारवाड असो वा सांगली, रेडिओवर तबकडीच लागे.

पार्श्वसंगीताची व्यवस्था वेगळी होती. मुंबईत राजकमल कलामंदिर, फिल्म सेंटर अशा ठिकाणी पडद्यावर रीळ चालवून वादक ते समोर पाहून वाजवीत. त्यानंतर संवाद, पदरव-आवाज आणि संगीत यांचे वेगवेगळे पदर एकत्र मिसळले जात. या मिश्रणाच्या कलेत राजकमलचे मंगेश देसाई यांचे नाव आजही आदराने घेतात, आणि 'शोले'च्या ध्वनीमागेही त्यांचाच हात होता. परंतु मिश्रण पार पडले की स्वतंत्र संगीताचा पदर कोणाला हवा असणार? गाण्यांचे हक्क ध्वनिमुद्रिका कंपनीकडे जात आणि कंपनी आपली मास्टर फीत सांभाळी. पार्श्वसंगीत निर्मात्याकडेच राही, आणि निर्मात्याच्या लेखी ते चित्रपटात उतरले की त्याचे काम संपले. चुंबकीय फिल्म महाग, ती पुसून पुन्हा वापरता येण्याजोगी. तेव्हा पुढे काय होत असेल ते सांगण्याची गरज नाही. आज आपण ऐकतो ते बहुतांशी अंतिम मिश्रणातले, म्हणजे संवादाखाली दबलेले संगीत आहे. परदेशी संग्राहकाला निदान भांडायला फीत तरी असते.

त्यात नाशाची भर आहे. नायट्रेटवरील जुन्या फिल्मांचा एक मोठा साठा जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत गेला. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या दंगलीत जळाला. जिथे चित्रपटच वाचले नाहीत तिथे त्यांच्या संगीताच्या सुट्या पदरांची अपेक्षा कशी करावी?

तरीही 'आपल्याकडे असे कधी झालेच नाही' हे मला मान्य नाही. 'पाकीजा'चे उदाहरण घ्या. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ साली वारले, पार्श्वसंगीताची जबाबदारी नौशाद यांनी पार पाडली आणि चित्रपट १९७२ साली प्रदर्शित झाला. त्या दीर्घ काळात गुलाम मोहम्मद यांनी बांधलेली कितीतरी गाणी चित्रपटात घेतली गेली नव्हती. त्यांतील नऊ गाणी एच.एम.व्ही.ने १९७७ साली 'पाकीजा रंग बा रंग' या नावाच्या स्वतंत्र एल.पी.वर आणली. परदेशात ज्याला आज मोठ्या दिमाखाने विस्तारित आवृत्ती म्हणतात, त्या वृत्तीचे हे अस्सल देशी रूप आहे, आणि तेही गोल्डस्मिथ यांचा तो चित्रपट पडद्यावर येण्याच्या दोन वर्षे आधीचे. माझ्या दृष्टीने आपल्या बाजारातील सर्वांत मोलाच्या चित्रपटतबकड्यांत तिची गणना व्हावी. कारण तीत संगीतकाराने केलेले आणि चित्रपटाने न घेतलेले काम आहे. टर्नटेबल यांनी वर्णिलेला आनंद तो हाच.

याउलट जुन्या आवाजाखाली नवा ताल घालून 'रिव्हायव्हल' म्हणून विकलेल्या ध्वनिफितींना मी पुनर्मुद्रणात धरत नाही. २००४ मध्ये रंगीत झालेल्या 'मुगल-ए-आझम'साठी मूळ गायकांचे आवाज ठेवून वाद्यवृंद नव्याने वाजवला गेला. ते काम नौशाद यांच्या हयातीत आणि जाणतेपणाने झाले, म्हणून त्याला वेगळा न्याय द्यावा लागेल. पण मूळ तबकडीची जागा तेही घेत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर आशेला जागा आहे. २०१६ च्या 'सैराट'मध्ये गाणी चारच, परंतु अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजलिसमधील सोनी स्कोरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला. संगणकावर भरलेल्या अशा सत्रांचे पदर सुटे राहतात. तेव्हा या पिढीच्या चित्रपटांबाबत साहित्याची अडचण मोठी नाही. हक्क असणाऱ्यांची इच्छा हाच काय तो प्रश्न उरतो.

टिळकवाडीचा टर्नटेबल

'पाकीजा'ची आठवण दिल्याबद्दल खानापूर रोड यांना धन्यवाद. एक पुरवणी जोडतो. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणून १९५० च्या दशकातील ध्वनिमुद्रणे त्या हक्कातून केव्हाच मोकळी झाली आहेत. शब्द आणि स्वररचना यांचे हक्क मात्र वेगळे मोजले जातात. मुंबईतील 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही १९९० साली स्थापन झालेली संस्था आणि कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांचा 'हिंदी फिल्म गीत कोश' यांच्यामुळे कोणते गाणे कोणत्या क्रमांकाच्या तबकडीवर आहे हे शोधता येते. असे काम कंपन्यांनी करायला हवे होते; ते हौशी माणसांनी केले.

कॅम्पातली मावशी

सर्व चर्चा वाचली. संच मागवण्याच्या आधी श्रोतेदादांनी मामांच्या तबकड्यांची व्यवस्था पाहावी, असे मला वाटते, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि बेळगावचा पाऊस कपाटातल्या वस्तूंनाही सोडत नाही. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट असेल तर ते आधी हलवावे. तबकड्या आडव्या रचू नयेत. उभ्या, पण फार घट्ट नाही अशा ठेवाव्यात. जुनी पी.व्ही.सी.ची मऊ पिशवी काढून टाकावी, कारण ती कालांतराने तबकडीवर धुरकट डाग सोडते. आतील कागदी पाकीट बुरशीने काळवंडले असेल तर त्याचाही मोह धरू नये. बाहेरच्या कव्हरवरील दुकानाचा शिक्का आणि किंमत मात्र पुसू नका, तो त्या तबकडीचा इतिहास आहे.

धुण्याविषयी विशेष काळजी घ्यावी. एल.पी.साठी डिस्टिल्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसले तर चालते. हेच मिश्रण ७८ च्या तबकड्यांना चुकूनही लावू नये. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

यादी करताना गाण्याचे नाव पुरेसे नाही, क्रमांकही लिहावा. एच.एम.व्ही.च्या चित्रपट एल.पी.वर 'ई.सी.एल.पी.' असेल तर ती मोनो आणि 'ई.सी.एस.डी.' असेल तर स्टिरिओ. मधल्या लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेली अक्षरेही उतरवून घ्यावीत; तिरप्या उजेडात धरली की ती दिसतात.

शहापूरचा श्रोता

मावशी, कपाट पश्चिमेच्या भिंतीलाच आहे. ते आजच हलवतो. यादी क्रमांकांसह तयार झाली की येथेच टाकीन, आणि त्यात 'पाकीजा रंग बा रंग' निघाली तर खानापूर रोड यांना आधी कळवीन.

'जॉज'चा संच घेण्याचे मी ठरवले आहे, अर्थात अजून उपलब्ध असेल तर. एकाच पार्सलमध्ये चार-पाच डिस्क मागवल्या तर टपालखर्च विभागला जाईल. निपाणी, खानापूर किंवा चिकोडी भागातील कोणाला आपली मागणी त्यात घालायची असल्यास संचाचे नाव, कंपनी आणि डिस्कची संख्या या महिनाअखेरपर्यंत कळवावी. नंदूशेठ, तुमच्यासाठी मूळ क्रम अबाधित असलेलेच काही शोधू का?